ब्लँकेटवरच्या रेघा म्हणजे बीव्हरची कातडी नव्हेत

२०२५ मध्ये कॅनडात हडसन्स बे कंपनी (मूळची फरचा व्यापार करणारी, पुढे मोठ्या दुकानांची) बुडाली, मार्चमध्ये कोर्टात गेली आणि १ जूनला उरलेली सगळी दुकानं बंद. तेव्हा लोक ती पांढरी, हिरव्या-लाल-पिवळ्या-निळ्या पट्ट्यांची ब्लँकेटं घ्यायला धावले आणि त्याबरोबर एक जुना मेसेज परत फिरायला लागला. आमच्या फॅमिली ग्रुपवर तो चार वेळा आला, शेवटचा दादाने, म्हणजे मामेभावाने टाकला. मी विनिपेगला राहतो, फर ट्रेडच्या जुन्या वस्तू जमवतो, त्यामुळे सगळे मलाच विचारतात की हे खरं का.

मेसेज थोडक्यात असा: ब्लँकेटच्या कडेला ज्या छोट्या काळ्या रेघा असतात तेवढी बीव्हरची (पाण्याकाठी राहणारा दाट फरचा प्राणी) कातडी म्हणजे त्याची किंमत. बंदूक हवी असेल तर ती जमिनीवर उभी करायची आणि तिच्या उंचीइतका कातड्यांचा ढीग लावायचा, म्हणून लबाड गोऱ्यांनी नळ्या मुद्दाम लांब केल्या. भोळ्या रेड इंडियन लोकांना काचेच्या मण्यांवर गंडवलं. आणि कंपनीने याच ब्लँकेटांतून देवीची साथ पसरवली.

आधी एक, 'रेड इंडियन' हा शब्द आता सोडूया. क्री, डेने, अनिशिनाबे अशी त्या लोकांना नावं आहेत.

आता रेघा. त्यांना पॉइंट म्हणतात आणि त्या साइज सांगतात, बस. लोकरीचं कापड मोठं विणायचं, मग पाण्यात घालून कुटून आटवायचं, त्यामुळे शेवटी केवढं झालं हे घडी न उलगडता कळायला विणकर कडेला निळीच्या रेघा विणायचे, हे काम फ्रेंच विणकर आधीपासून करत होते. हडसन्स बे कंपनीने इंग्लंडातल्या विटनी गावच्या थॉमस एम्पसनकडे अशा ब्लँकेटांची ऑर्डर १७७९ च्या शेवटी दिली आणि १७८० मध्ये माल निघाला. आजही ४ पॉइंटचं ब्लँकेट ७२ बाय ९० इंच असतं. शर्टाच्या कॉलरवर ४० लिहिलं म्हणजे तो ४० रुपयांना नसतो ना, तसंच हे. कातड्यांमधला दर कंपनीच्या व्यापारी ठाण्यागणिक आणि वर्षागणिक बदलायचा, विणलेल्या रेघा कशा बदलणार?

बंदुकीची गोष्ट सगळ्यात जास्त चालते कारण ती डोळ्यासमोर उभी राहते. पण कंपनीचे दर कागदावर आहेत हो. सगळा हिशोब 'मेड बीव्हर'मध्ये चालायचा, म्हणजे हिवाळ्यात पकडलेल्या बीव्हरचं एक चांगलं वाळवलेलं कातडं हे एक युनिट, बाकी सगळं त्यात मोजायचं. सुरुवातीच्या काळातलं दरपत्रक छापील मिळतं, त्यात सगळ्यात मोठी बंदूक १२ कातड्यांना, मधली १०, लहान ८. मोठ्या आणि लहान बंदुकीत फरक चार कातड्यांचा! १२ कातडी एकावर एक रचून बघा, ढीग गुडघ्यापर्यंतसुद्धा येणार नाही आणि बंदूक तर जवळजवळ माणसाएवढी. त्या उंचीचा ढीग लावायचा तर कातडी कितीतरी पट लागली असती आणि माणूस तेवढ्या कातड्यांत बंदूक, दारूगोळा, भांडी, तंबाखू सगळं घेऊन वर्षभराची सोय करून घरी गेला असता, तो एका बंदुकीपायी सगळं का ओतेल?

आणि नळ्या काळाबरोबर लांब झाल्या नाहीत, उलट आखूड झाल्या. १८व्या शतकात ४ फुटी नळी सर्रास होती, १९व्या शतकात ३०, ३६, ४२ इंची नळ्या विकल्या गेल्या. कारण गिऱ्हाइकाला तेच हवं होतं. १७४० च्या दशकात जेम्स इशम हा यॉर्क फॅक्टरीचा प्रमुख होता (फॅक्टरी म्हणजे कारखाना नाही, हडसन खाडीवरचं कंपनीचं ठाणं), त्याने व्यापाराला आलेल्या म्होरक्यांची भाषणाची पद्धत लिहून ठेवलीय. ते सरळ म्हणतात, बंदुका वाईट आहेत, हलक्या द्या, हातात नीट बसणाऱ्या द्या, थंडीत ज्यांचं लॉक (ठिणगी पाडून बार उडवणारा भाग) गोठणार नाही अशा द्या, आणि माप पूर्ण भरून द्या. हे वाचल्यावर मला तरी भोळा माणूस कुठे दिसत नाही, मला मंडईत वांगी दाबून बघणारी माझी आजी दिसते. बंदूक घेतल्यावर लोक नळी कापूनही टाकायचे, होडीत आणि घोड्यावर आखूड बरी पडते म्हणून, आणि उरलेल्या तुकड्याचं टोक ठोकून कातडं खरवडायचं हत्यार करायचे. म्हणून कुणी 'ओरिजिनल लांब नळी, जास्त कातडी लुबाडायला बनवलेली' म्हणून जास्त पैसे सांगत असेल तर ती गोष्ट कानाआड करा, आणि बाजूची पितळी सर्पाकृती पट्टी आणि लॉकवरचा बसलेल्या कोल्ह्याचा छाप बघा. तेही खोटे बनवतात, पण निदान बघायची जागा ती आहे.

मण्यांचं. मणी वजनावर जायचे, त्याच दरपत्रकात एका कातड्याला अर्धा पौंड मणी. आणि मला सगळ्यात आवडलेली ओळ भांड्यांची आहे, एका कातड्याला एक पौंड किटली! म्हणजे किटली नगावर नाही, तराजूवर. आपल्याकडे तांब्या-पितळेची भांडी वजनावर घेतात तस्संच, हे वाचलं तेव्हा मी एकदम तुळशीबागेत पोचलो. मण्यांतही रंग आणि आकार पसंत नसेल तर लोक उचलायचेच नाहीत आणि माल पडून राहायचा. कोण कुणाला हसत होतं तेही बघा, १६३४ मध्ये ल ज्यून नावाच्या जेझुइट पाद्र्याने लिहिलंय की त्याचा यजमान (तिथलाच, इनू माणूस) चाकू दाखवून म्हणाला, इंग्रजांना अक्कल नाही, एका बीव्हरच्या कातड्याला असले वीस चाकू देतात. शिवाय युरोपात टोपीच्या फेल्टला (केस दाबून केलेलं जाड कापड) जे कातडं जास्त चालायचं ते लोकांनी आधी अंगावर वापरलेलं, वरचे राठ केस झडून गेलेलं. स्वतःचा जुना कोट देऊन नवी किटली, कोण सोडेल?

फसवणूक झालीच नाही असं मी म्हणत नाहीये, प्लीज तसं वाचू नका. ठाण्यांवरचे लोक मापात मारायचे, त्या वरकमाईला कंपनीतच 'ओव्हरप्लस' असा शब्द होता. दारू होतीच. आणि मोठी लूट तर पुढे झाली, १८६९-७० मध्ये कंपनीने रूपर्ट्स लँड नावाचा अख्खा प्रदेश ३ लाख पौंडांना कॅनडाला दिला आणि तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही. मला राग याचा येतो की मेसेजमध्ये ही लूट कुठेच नाही, त्यात फक्त बंदुकीचा ढीग आहे आणि मूर्ख ठरवलेली माणसं आहेत.

देवीचा मुद्दा गंभीर आहे. देवीच्या हॉस्पिटलातली ब्लँकेटं देण्याची घटना खरी आहे, पण ती फोर्ट पिटची, म्हणजे आजच्या पिट्सबर्गची. जून १७६३ मध्ये किल्ल्याला वेढा पडलेला असताना बोलणी करायला आलेल्या तिथल्या डेलावेअर लोकांना दोन ब्लँकेटं आणि एक रुमाल दिला, किल्ल्यातल्याच विल्यम ट्रेंटने स्वतःच्या डायरीत ते लिहिलंय. पुढच्याच महिन्यात जनरल अॅमहर्स्टच्या पत्रातही हीच कल्पना आहे. ते ब्रिटिश सैन्य, हडसन्स बे कंपनी तिथे नव्हतीच, आणि कंपनीची पॉइंट ब्लँकेटं त्यानंतर १७ वर्षांनी सुरू झाली. १७८१-८२ ला साथ उत्तरेत आली तेव्हा कंबरलँड हाउस या कंपनीच्या ठाण्यावर तिथला प्रमुख विल्यम टॉमिसन याच्या माणसांनी आजाऱ्यांना सांभाळलं आणि मेलेल्यांना पुरलं. यात त्यांचा धंदाही होता, गिऱ्हाईक मेलं तर फर कोण आणणार, पण मुद्दाम पसरवली म्हणणं खोटं आहे. ज्यांनी ते केलं त्यांचं नाव घ्या ना, भलत्याच कंपनीच्या गळ्यात कशाला?

आणि दादा, तू जे ब्लँकेट '२०० वर्षांपूर्वीचं' म्हणून घ्यायला निघालायस त्याच्या फोटोत कोपऱ्यात शिवलेलं लेबल दिसतंय. कंपनीने लेबल लावायला साधारण १८९० पासून सुरुवात केली, तीही नकला फार झाल्या म्हणून, त्यामुळे ते त्याआधीचं असूच शकत नाही. लेबल नाही म्हणून जुनं असंही धरू नकोस, उसवायला कितीसा वेळ लागतो, त्या कोपऱ्यात सुईची भोकं आहेत का ते आधी बघ.