लहान फायटिंग गेमचा मुहूर्त कसा काढावा

तुम्ही फायटिंग गेम, म्हणजे दोघांनी समोरासमोर लढायचा व्हिडिओ गेम, बनवताय असं कळलं. अभिनंदन! चार-पाच वर्षं झिजून, एकेका ठोशाच्या फ्रेम मोजून गेम तयार झालाय, आता फक्त तो बुडवायचा राहिलाय. त्यासाठी गेम वाईटच असावा लागतो असं नाही. तारीख नीट निवडली की भागतं. एका कंपनीने नुकतंच मला हे प्रात्यक्षिकासह शिकवलं, तेही पहिल्याच दिवशी पूर्ण किंमत मोजून घेऊन. ही विद्या माझ्यापाशीच ठेवणं बरं नव्हे.

तर सगळ्यात आधी, मैदानात मोठा पैलवान कधी उतरतोय ते बघा आणि त्याच्या आदल्या दिवशी शड्डू ठोका. 'टेकन ८' २६ जानेवारी २०२४ ला येणार हे महिनोन्‌महिने जगजाहीर होतं. 'अंडर नाइट इन-बर्थ २' आला २५ जानेवारीला. चोवीस तास का होईना, राज्य केलं!

पैलवान आपल्याच आखाड्यातला हवा असाही हट्ट नको. 'किंग ऑफ फायटर्स १५' १७ फेब्रुवारी २०२२ ला आला, आठ दिवसांनी 'एल्डन रिंग', तलवारी आणि राक्षसांचा अवाढव्य गेम. 'फेटल फ्युरी'ची गोष्ट तर बघाच. १९९९ च्या 'गारू'नंतर २६ वर्षांनी त्या मालिकेचा पुढचा गेम आला, तो २४ एप्रिल २०२५ ला, म्हणजे 'एक्स्पिडिशन ३३' हा कथेचा गेम आला त्याच दिवशी. त्याच्या दोनच दिवस आधी 'ऑब्लिव्हियन रीमास्टर्ड', एका जुन्या गाजलेल्या गेमचा नवा अवतार, कुणाला न सांगता बाजारात उतरला होता. (हा दुसरा धोंडा कुणालाच दिसला नसता, हे मान्य. पहिल्याची तारीख मात्र जाहीर होती.)

एकट्याने खेळण्यासारखं फारसं काही ठेवू नका. 'स्ट्रीट फायटर ५' स्पर्धांचा हंगाम गाठण्यासाठी फेब्रुवारी २०१६ मध्ये आर्केड मोडशिवायच (कॉम्प्युटरशी एकामागून एक लढती, त्याशिवायच) आला. तो मोड मिळाला जानेवारी २०१८ मध्ये. तो बनवणाऱ्या कॅपकॉमला ते पचलं. तुम्ही कॅपकॉम नाही, एवढाच काय तो फरक.

क्रॉसप्ले, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रांवरच्या खेळाडूंना एकमेकांशी खेळू देणं, नको. उगाच गर्दी होते.

रोलबॅक नेटकोड, म्हणजे ऑनलाइन लढताना इंटरनेटची दिरंगाई जाणवू न देणारं तंत्र, वरातीमागून आणा. पहिला 'ग्रॅनब्लू फँटसी वर्सस' २०२० च्या सुरुवातीला रोलबॅकशिवाय आला, आणि लगेच जग घरात कोंडलं गेलं. स्पर्धा रद्द, खेळायचं ते ऑनलाइनच. रोलबॅक मिळाला २०२३ मध्ये, 'रायझिंग' नावाच्या नव्या गेमात.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: खेळाडू वाट बघतील असं गृहीत धरा. मोठा गेम संपवून, दमून-भागून लोक तुमच्याकडे परत येतीलच! कथेच्या गेमला हे चालतं. दोन वर्षांनी सेलमध्ये घेतला तरी त्यातला राक्षस जागेवरच असतो. आमचा राक्षस म्हणजे दुसरा माणूस. तो गेला की उरतो ट्रेनिंग मोड. काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, समोर हात खाली सोडून उभा असलेला पुतळा, आणि वरच्या कोपऱ्यात 'प्रतिस्पर्धी शोधत आहोत'. मी तोच कॉम्बो, ठोशांची तीच साखळी, त्या पुतळ्यावर घासतोय, घासतोय, आणि तो कोपऱ्यातला गोल फिरतोच आहे. शेवटी कुणीतरी सापडतं. कोण? मघाचाच तो. हजारो मॅच खेळलेला, मला दोन्ही राउंडमध्ये उभं न राहू देणारा. बिचाऱ्यालाही दुसरं कुणी मिळत नाही. तो जिंकून कंटाळलाय, मी हरून. पहिल्या आठवड्यात माझ्यासारखेच धडपडणारे ढीगभर होते. आम्ही एकमेकांना चुकीच्या उड्या मारून हरवत होतो आणि मजेत होतो. मग मोठा गेम आला आणि ते सगळे तिकडे गेले. नवशिके गेले की उरतात फक्त लांडगे, आणि त्यानंतर येणारा प्रत्येक नवशिका दहा मिनिटांत पळतो. ही गळती कुठला पॅच थांबवणार? सीझन पास म्हणून नंतर विकलेल्या पात्रांमधलं चौथं?

बास झालं, आता सरळ बोलतो. अरे, तारीख ठरवताना एकदा बाजूला बघता येत नाही का तुम्हाला? फायटिंग गेम शिकायला महिने जातात. बहुतेक माणसं एका वेळी एकच शिकतात. तुमच्या शेजारी 'टेकन' उभा असेल तर ती कुठला शिकतील, हे सांगायला का सल्लागार लागतो? आर्थिक वर्ष संपायच्या आत आकडा दाखवायचा म्हणून काढायचा गेम, आणि पडला की म्हणायचं, 'या प्रकाराला आता प्रेक्षकच उरला नाही.' आमच्यावर कशाला खापर फोडता?

'गिल्टी गिअर स्ट्राइव्ह' ९ एप्रिल २०२१ ला यायचा होता. बीटामध्ये, म्हणजे आधीच्या चाचणीत, लॉबी (खेळाडू जमतात ती ऑनलाइन जागा) आणि सर्व्हरबद्दल बोंब झाली, तारीख ११ जूनवर गेली. कुणाचं काय बिघडलं? चांगला दणकून खपला. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. तुम्हालाही दोन महिने थांबता आलं असतं. तेवढं जमणार नसेल तर निदान डिलक्स एडिशनचे पैसे महिनाभर आधी उकळू नका. आणि उद्या सर्व्हर बंद करताना 'आमच्या लाडक्या खेळाडूंचे मनःपूर्वक आभार' असलं पत्रक काढू नका. डोकं फिरतं.