‘पासिंगच्या दीडपट माल सहज चालतो’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पिकअपवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यातले मुद्दे थोडक्यात असे: कंपनी मुद्दाम पासिंग, म्हणजे आरसीवरचं मंजूर वजन, कमी लिहिते, दीडपट माल आरामात चालतो. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि टायरची हवा वाढवली की गाडीची ताकद वाढते. मागे ट्रॉली जोडली तर तिचं वजन तिच्याच चाकांवर असतं, पिकअपला काही होत नाही. घाट उतरताना न्यूट्रल टाका, डिझेल वाचतं आणि इंजिनला आराम मिळतो. सरकारनेच 2018 मध्ये वजन वाढवून दिलंय, आणि पकडलंच तर दंड भरून सुटता येतं.

काल माझ्या भाच्याने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, वाचा, मी म्हणत होतो तेच आहे.’ तो शिरवळहून भोसरीला कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग, आणतो, रोज नवीन कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरतो. त्यामुळे हे उत्तर त्याच्यासाठी आहे आणि ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढे ढकलला त्यांच्यासाठीही.

पाट्यांचं आधी उरकतो. जादा पाटे घातल्याने गाडी मागून बसत नाही, एवढंच. ॲक्सल तोच, बेअरिंग तेच, ब्रेकचे ड्रम तेच, चेसिसही तीच. उलट त्या पाट्यांचं वजनही पासिंगमधूनच वजा होतं, कारण एकूण वजनात गाडी, माल, चालक, शेजारी बसलेला हमाल असं सगळं येतं. हवेचं अर्धं खरं आहे: भरलेल्या गाडीला कमी हवा ठेवली तर टायर तापून फुटतो. म्हणून कंपनीने लोडसाठी दिलेली हवा भरायचीच. पण टायर किती भार पेलणार ते त्याच्या बाजूवर छापलेलं असतं, आणि तो आकडा कंप्रेसर लावून वाढत नाही. कास्टिंगवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं, हौदा अर्धा रिकामा दिसतो म्हणून वजन कमी नसतं. ओतीव लोखंडाचा एक घनमीटर सुमारे 7 टन भरतो.

ट्रॉलीचा मुद्दा निव्वळ चुकीचा आहे. नीट भरलेल्या एक आसाच्या ट्रॉलीचं साधारण 10 ते 15 टक्के वजन हुकावर येतं. 1 टनाची ट्रॉली म्हणजे हुकावर 100 ते 150 किलो, आणि हुक मागच्या ॲक्सलच्याही मागे असल्याने पुढची चाकं हलकी होतात. स्टिअरिंग त्याच चाकांवर आहे. ते टाळायला माल ट्रॉलीत मागे सरकवला, तर वेगात ट्रॉली डावी-उजवी झुलायला लागते आणि पिकअपलाही सोबत ओढते. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर दोन्हींचं वजन पिकअपच्याच ब्रेकने थांबवायचं असतं.

आता न्यूट्रल. मला खरा राग याचा आहे. आजची डिझेल गाडी गिअरमध्ये असताना उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनला जाणारं डिझेल जवळपास बंदच होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल टाकलं की इंजिनला स्वतः चालू राहायला डिझेल लागतं. म्हणजे बचतीचा दावाही खोटा. आणि उष्णतेचा हिशोब करा: 4 टनांची गाडी 100 मीटर खाली उतरताना सुटणाऱ्या ऊर्जेवर सुमारे 12 लिटर पाणी उकळेल. गिअरमध्ये त्यातला मोठा वाटा इंजिन अडवतं. न्यूट्रलमध्ये जवळपास सगळी ड्रम आणि ब्रेकच्या लायनरवर येते. लायनर तापले की धरत नाहीत, ब्रेक ऑइल उकळलं की पेडल तळाला जातं. माझ्या गॅरेजात निळे पडलेले ड्रम उघडले आहेत, लायनर काचेसारखे गुळगुळीत झालेले. अशा गाडीचा चालक दर वेळी सांगतो, ‘ब्रेक अचानक गेले.’ अचानक काही जात नाही.

काही जण तर इंजिनच बंद करतात. मग पिकअपच्या ब्रेकला इंजिनकडून मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते, पेडल दगड होतं, पॉवर स्टिअरिंग जड होतं. 20 नोव्हेंबर 2022 ला, रविवारी रात्री, नवले पुलाजवळ एका अवजड वाहनाने कितीतरी गाड्या चिरडत नेल्या, ते पुण्यात कोणी विसरलेलं नाही. आधी सगळे ब्रेक फेल म्हणत होते. तपासात पुढे आलं की चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं. जवळपास तसाच सल्ला हा मेसेज देतोय, त्याच उतारावरून रोज जाणाऱ्या पोरांना.

2018 चं मान्य करतो. जुलैमध्ये केंद्राने वजन वाढवलं, दोन ॲक्सलच्या ट्रकची मर्यादा 16.2 टनांवरून 18.5 टन झाली. पण तुमच्या पिकअपला आरसीवर लिहिलेलं वजनच लागू आहे. दंडाचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, शिवाय माल उतरवण्याचा खर्च आहे. आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवू द्यायची नाही, हेही तिथेच लिहिलंय. ‘दंड भरून पुढे’ ही सोयच कायद्यात नाही.

भाच्याला सांगितलंय: माल भरला की आधी वजनकाट्यावर जा, मागची चाकं वेगळी मोजून घे, आणि बोगद्याच्या आधीच खालचा गिअर टाक. पावतीवर आरसीपेक्षा जास्त आकडा आला तर उरलेलं कास्टिंग दुसऱ्या खेपेला आण. दुसऱ्या खेपेचं भाडं कंपनी देत नसेल तर मला फोन कर, मी बोलतो त्यांच्याशी.