बोर्डावरचा आकडा खरा निघाला पाहिजे

रविवारी भावाशी फोनवर बोलताना विषय पार्किंगवर गेला. शहरात डिजिटल बोर्ड लावायचं चाललंय, एरवी त्यावर पार्किंगच्या रिकाम्या जागा दिसणार आणि पूर, आग असं काही झालं की तिथंच इशारा येणार, आणि यावरून त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं पैसा पाण्यात जाणार, दुसऱ्याचं म्हणणं परदेशात बघा. "ताई, तुमच्याकडे खरंच चालतं का गं हे?" त्यानं विचारलं, फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितेय.

चालतं. मी कोलोनला राहते, आणि जर्मनीत अशी पहिली यंत्रणा आखेनला १९७१ सालीच लागली. काम साधं असतं, पार्किंगच्या आत जायच्या आणि बाहेर पडायच्या वाटेवर जमिनीत तारेचं वेटोळं पुरतात, वरून गाडी गेली की ती मोजली जाते आणि उरलेल्या जागांचा आकडा चार चौक आधी बोर्डावर दिसतो. पण दोन गाड्या चिकटून गेल्या तर एकच धरली जाते, अशा चुका साठत जातात, म्हणून कुणीतरी आत जाऊन आकडा जुळवायलाच लागतो. एकदा भर पावसात मी बोर्डावर २३ बघून आत शिरले, तिन्ही मजले फिरले, एक जागा नाही, मागे गाड्यांची रांग आणि मागच्या सीटवर लेक रडतेय. त्यानंतर कित्येक महिने मी त्या बोर्डाकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. त्या दिवसांत त्याच बोर्डावर "पुलावर पाणी आहे, जाऊ नका" असं आलं असतं तर मी ते वाचलंच नसतं, आणि माझा सगळा मुद्दा हाच आहे.

रस्त्याकडेच्या जागांचं आणखी अवघड. सॅन फ्रान्सिस्कोनं २०११ मध्ये रस्त्यात हजारो सेन्सर बसवून, जागा किती भरतात ते बघून दर बदलले, पुढे सेन्सर सोडून दिले आणि मीटरवर भरलेल्या पैशांवरून अंदाज काढायला लागले. आपल्याकडे जिथे पट्टेच आखलेले नाहीत तिथे सेन्सर मोजणार काय?

इशाऱ्याच्या बाबतीत मात्र जर्मनीचा दाखला द्यायला जीभ रेटत नाही. १४ जुलै २०२१ च्या रात्री आर नदीच्या खोऱ्यात पूर आला, हवामान खात्यानं आधी सांगितलेलं होतं, तरी घरं सोडा हे सांगायला फार उशीर झाला, १३० हून जास्त माणसं गेली, झिंझिग गावात दिव्यांगांच्या निवासातली १२ माणसं पाण्यात गेली. ती रात्र बोर्ड कमी होते म्हणून तशी झाली नाही, वेळेवर निर्णय घेणारं कुणी नव्हतं. फोनवर थेट येणारा इशारा इथे २०२३ मध्ये सुरू झाला. आता दरवर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी चाचणी असते, फोन वाजतात, सायरन होतात, जाहिरातींच्या डिजिटल बोर्डांवरसुद्धा जाहिरात थांबून इशारा दिसतो, आणि शाळेतली पोरंसुद्धा सांगतात आज चाचणी आहे म्हणून. भारतात २०२३ मध्येच टेस्टचे मेसेज आले तेव्हा आई घाबरून मला फोन करत होती, तिला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि चुकीचा इशारा गेला तर? अमेरिकेतल्या हवाई बेटांवर १३ जानेवारी २०१८ ला क्षेपणास्त्र येतंय असा मेसेज लोकांच्या फोनवर गेला, तो चुकीचा होता हे फोनवर कळायला ३८ मिनिटं लागली.

म्हणून भावाला सांगितलंय, ग्रुपवर बोर्ड हवेत की नकोत यावर भांडत बसू नका, नगरसेवकाला विचारा की रोजचा आकडा कोण जुळवणार, रात्री दोन वाजता बोर्डावर मजकूर टाकायचा आणि चुकला तर काढायचा अधिकार कुणाला, आणि पुरात लाईट गेली तर बोर्ड किती तास चालेल. ही तिन्ही उत्तरं टेंडरमध्ये लिहिलेली असतील तर माझं मत खुशाल बोर्डांच्या बाजूनं धरा.