पायाला दोरी आहे म्हणून जुलैत कोकणात सर्फिंग?

‘भारतीय सर्फिंगचं लपवलेलं सत्य’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. एरवी सोडून दिला असता, पण तो वाचून माझ्या भाच्याने जुलैत मित्रांना घेऊन कोकणात जायचा बेत आखला, आणि त्यातल्या दोघांना धड पोहताही येत नाही. मेसेजचं म्हणणं असं: खऱ्या लाटा पावसाळ्यातच, शिवाय किनारे रिकामे, पायाला लीश, म्हणजे बोर्डाला बांधलेली दोरी, असते, तेव्हा पोहता आलंच पाहिजे असं नाही, हा खेळ एका अमेरिकन स्वामीने आणला, आपली पोरं नक्कल करतात, आणि ऑलिम्पिक पदक आता आलंच.

आधी लीश. ती दोरी बोर्ड वाहून जाऊ नये, दुसऱ्यावर आदळू नये म्हणून असते. मोठ्या लाटेत ती तुटते, घोट्यावरचा पट्टा सुटतो. मग बोर्ड किनाऱ्याला लागतो आणि तुम्ही पाण्यात राहता. त्यात रिप करंट असला तर संपलंच. लाटांनी किनाऱ्याशी आणलेलं पाणी एखाद्या चिंचोळ्या वाटेने परत आत जातं, आणि नेमक्या त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला तीच जागा शांत वाटते. सरळ किनाऱ्याकडे हात मारणारा दमतो आणि दमून बुडतो. सुटायचं तर किनाऱ्याला समांतर पोहावं लागतं. पोहावं लागतं, हो!

पावसाळ्यातल्या लाटांबद्दल अर्धं खरं आहे, मान्य. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर हेच महिने चांगले, कारण नैऋत्येचा वारा तिथे जमिनीकडून समुद्राकडे जातो आणि लाट नीट उभी राहते. मेसेजवाल्याने ते वेळापत्रक उचलून कोकणाला चिकटवलं. इथे तोच वारा समुद्रावरून थेट अंगावर येतो, नुसती घुसळण. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था लाटांचे अंदाज देते. जुलैत कोकणासाठी तीन-चार मीटर लाटांचे इशारे तिच्याकडून नेहमीचेच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. दर्या ओळखणारा कोळी घरी बसतो, आणि आमचे हिरो उतरणार. कर्नाटकात मंगळूरजवळच्या ससिहित्लू-पणंबूरला मेअखेरीस, जूनच्या तोंडावर स्पर्धा होतात हेही खरं, पण तिथे जीवरक्षक असतात आणि उतरणारे मुरलेले असतात.

स्वामींचं म्हणाल तर जॅक हेबनर यांनी २००४ च्या सुमारास कर्नाटकात मुल्कीला आश्रमासोबत सर्फिंग सुरू केलं, श्रेय त्यांचं. पण चेन्नईजवळच्या कोवलमला मूर्ती मेगवन या मच्छीमाराने गावातल्या पोरांना लाटांवर उभं केलं, ती नक्कल कशी?

राहिलं पदक. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला रमेश बुदिहाळने आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत कांस्य मिळवलं, वैयक्तिक पदक मिळवणारा तो पहिला भारतीय. टोकियो आणि पॅरिस ऑलिम्पिकच्या सर्फिंगमध्ये मात्र आपलं कोणीच नव्हतं.