गाडीला ताप

परवा साकीनाक्याला माझी मोटरसायकल तापून बंद पडली. चाळीस मिनिटं हाफ क्लचवर, त्यात मे महिना. ढकलत बसस्टॉपपाशी आणली. तिथे छत्रीवाले एक काका उभे होते.

"उष्णता झालीय हिला," काका म्हणाले.

विचारलं कुणी? पण त्यांनी जिभेला बोट लावून ते थेट सिलिंडरवर टेकवलं. चुर्र! बोट झटकत म्हणाले, "ताप आहे. चांगलाच."

मी शिकलेला माणूस. म्हटलं, "काका, इंजिन एअर-कूल्ड आहे. या पट्ट्या दिसतात ना, त्यांना वारा लागला की थंड होतं."

"मग वारा कुठाय?"

आता काय बोलणार! पेट्रोलच्या उष्णतेतली फार तर पाव-तिजाई चाकाला मिळते, उरलेली बाहेर टाकावी लागते, वगैरे सगळं मला पाठ आहे. पण वारा खरंच नव्हता. डोक्यावरून मेट्रो तेवढी गार डब्यांतून माणसं नेत होती. आमच्याकडून रोड टॅक्स गाडी घेतानाच एकरकमी वसूल करतात. रस्ता मात्र अर्धा पत्र्यांच्या आड. तो हप्त्याहप्त्याने देतात बहुतेक.

एवढ्यात एक पोरगा इंजिनवर ओतायला बिसलेरी घेऊन आला.

"ए! तापलेल्या तव्यावर गार पाणी मारतात का? तडा जाईल!" काका कडाडले. मग माझ्याकडे वळून, "पथ्यपाणी काय ठेवता? तेल कधी बदललं?"

"झाले की... दोनेक हजार किलोमीटर."

खरे सात हजार झाले होते. ज्याचं नावही माहीत नाही अशा माणसाशी मी खोटं का बोललो, देव जाणे. काकांनी पंधरा मिनिटं थांबायला लावलं, मग ऑइलची पट्टी काढून स्वतःच्या रुमालाला पुसली, पुन्हा बुडवली. टोकाला फक्त काजळ लागलं.

"दोन हजार?" काका म्हणाले. रांगेतल्या मावशी हसल्या. त्यांचा काय संबंध?

तेवढ्यात बस आली, काका चढले. मी सुटकेचा श्वास टाकून गॅरेजच्या दिशेने गाडी ढकलू लागलो. वीस पावलांवर बस ट्रॅफिकमध्ये उभी. खिडकी नेमकी माझ्या कानाशी.

"रुमाल नवा होता हो," आतून आवाज आला.