वाळवंटातल्या धबधब्याला जाताना राऊतवाडी डोक्यातून काढा

कोल्हापूरकरांना धबधबा म्हटलं की राऊतवाडी आठवते, बर्की आठवते. भर पावसात रेनकोट घालून जायचं आणि भिजून यायचं. अमेरिकेत मुलांकडं गेलेली आपली मंडळी याच हिशेबानं युटा राज्यातल्या लोअर काफ क्रीकला निघतात आणि पाण्याची एकच बाटली घेतात. धबधब्यालाच चाललोय, पाण्याला काय तोटा? माझ्या मते सगळ्यात धोक्याचा समज हाच.

एस्कलांटे आणि बोल्डर या गावांच्या मधे, हायवे १२ लगत हा १२६ फुटी धबधबा आहे. जाऊन-येऊन साधारण ६ मैल, म्हणजे साडेनऊ किलोमीटर. पन्हाळा-पावनखिंड चाललेल्यांना हे किरकोळ वाटेल. चढही फारसा नाही, पण बरीच वाट भुसभुशीत वाळूची आहे. टाकलेलं पाऊल मागं सरकतं, पोटऱ्या भरून येतात, वेळेचा अंदाज चुकतो. थांबण्यासकट साडेचार तास धराच. चप्पल नको, बंद बूट हवेत.

आपल्याकडं घामानं शर्ट भिजतो, म्हणून अंगातलं पाणी जातंय हे कळतं. तिथल्या कोरड्या हवेत घाम जागच्या जागी उडून जातो. कातडी कोरडी, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. मग डोकं दुखतं, मळमळतं. माणशी ३ ते ४ लिटर पाणी घ्या आणि तहानेची वाट न बघता घोट-घोट पीत राहा. नुसत्या पाण्यानं भागत नाही, मीठही लागतं. भडंग, खारे शेंगदाणे किंवा लिंबू-मीठ-साखरेचं पाणी उत्तम. ओढ्याचं पाणी नितळ दिसलं तरी उकळल्याशिवाय किंवा फिल्टरमधून गाळल्याशिवाय पिऊ नका.

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर चांगला. सकाळी सातला चालायला लागा. गाड्या लावायची जागा थोडी आहे, लवकर भरते.

एवढ्या रखरखाटात बारमाही पाणी कुठून येतं? तिथला नवाहो वालुकाश्म, म्हणजे वाळूचा खडक, पाऊस आणि बर्फाचं पाणी मुरवून घेतो आणि झऱ्यांतून सावकाश सोडतो. जोराच्या सरीला मात्र मुरायला वेळच मिळत नाही, ती उघड्या खडकावरून थेट दरीत उतरते. तिकडंही जुलै ते सप्टेंबर दुपारची वादळं होतात. डोक्यावर निळं आभाळ असताना लांबच्या पावसाचा लोंढा येऊ शकतो. म्हणून हवामानाचा अंदाज निघण्याआधीच बघा, दरीत मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका. ओढा गढूळ झाला किंवा पाणी वाढायला लागलं तर लगेच उंचावर चढा.

काठानं तीन-तीन पानांची पॉयझन आयव्ही असते. अंगाला लागली की दिवसचे दिवस खाज जात नाही, त्यामुळं पूर्ण पँटच घाला.

वाटेत समोरच्या कड्यावर लाल रंगातल्या तीन मोठ्या मानवाकृती दिसतात, फ्रीमाँट या तिथल्या प्राचीन संस्कृतीच्या लोकांनी काढलेल्या. दुर्बीण न्या आणि वाटेवरूनच बघा. गडांच्या भिंतींवर नावं कोरलेली बघून आपल्याला संताप येतो, मग तिथल्या कातळावर साधा खिळा तरी कसा ओढवेल?

डोहाचं पाणी बर्फागत गार आहे, पाय सोडून बसावंसं वाटणारच. जरूर बसा. पण परतीच्या तीन मैलांना ऊन डोक्यावर आलेलं असतं, म्हणून बसण्याआधी बाटल्या बघा. माणशी दीड लिटर तरी शिल्लक हवं. वाटेतच निम्मं पाणी संपलं असेल, तर धबधबा दिसत असला तरी तिथूनच मागं फिरा.