पपईच्या पानांच्या भरवशावर डेंग्यू घरी काढू नका

पाऊस ओसरला की इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर तोच मेसेज फिरू लागतो: "डेंग्यू झालाय? पपईच्या 2 पानांचा रस प्या, 3 तासांत प्लेटलेट दुप्पट. ऋषिमुनींचं औषध, अपाय शून्य. अ‍ॅडमिट व्हायची गरज नाही." रामबागेपासून सुदामानगरपर्यंत लोक त्यावर विसंबतात, म्हणून लिहितोय.

ऋषिमुनींचं आधी बघू. पपई मूळची अमेरिका खंडातली. आपल्याकडे आली ती 16व्या शतकात, पोर्तुगिजांच्या मागोमाग. चरक-सुश्रुतांना ती ठाऊक असणं शक्यच नाही. नंतर रुळलेले घरगुती उपयोग मात्र खरे आहेत: पिकलेल्या पपईनं पोट साफ होतं, कच्चीनं मटण लवकर शिजतं, कारण चिकातलं पपेन प्रथिनं तोडतं.

"प्लेटलेट दुप्पट." काही छोट्या चाचण्यांत रस घेणाऱ्यांच्या प्लेटलेट जरा लवकर वाढल्या, हे मान्य. पण त्यामुळे रक्तस्राव किंवा मृत्यू टळतात, हे सिद्ध झालेलं नाही. शिवाय आजाराचा आठवडा सरत आला की प्लेटलेट आपोआपच चढतात. रस पाजायला लोक सुरुवात करतात ती आकडा घसरल्यावर, पाचव्या-सहाव्या दिवशी. मग श्रेय रसाला!

सगळ्यात घातक ते मेसेजमधलं शेवटचं वाक्य, "अ‍ॅडमिट व्हायची गरज नाही." डेंग्यूत जीव धोक्यात येतो तो मुख्यतः रक्तवाहिन्यांमधून प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) झिरपून रक्तदाब कोसळल्यानं. आणि हे बहुधा घडतं तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, ताप उतरताना, घरचे "चला, सुटलो" म्हणत असतात तेव्हा. आमच्या शेजारी मिक्सरमधून काढलेला तो हिरवा रस फडक्यातून गाळून पोराला वाटीभर पाजत होते. कडूजहर! घोट गेला की उलटी. आता सतत उलट्या हेही डेंग्यूतलं धोक्याचं लक्षण. ती रसानं झाली की आजारानं, घरी ओळखणार कोण? वर अंगातलं पाणी जातं ते वेगळंच.

"अपाय शून्य" हेही खोटं. पपईचा चीक गर्भाशय आकुंचित करू शकतो, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. गरोदर बाईला हा रस देऊच नका.

तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. ओआरएस, पेज, नारळपाणी थोडं थोडं देत राहा. पोटात जोरात दुखणं, हिरड्यांतून रक्त, ग्लानी, लघवी कमी होणं, यातलं एकही दिसलं तर ताप नसला तरी लगेच हॉस्पिटल गाठा.